दंगलीचा अहवाल उरला, संपाचे पत्रक गेले

जळगावच्या मुसलमानांविषयी विसाव्या शतकात जे काही छापले गेले, त्यातला सर्वांत जाड दस्तऐवज कोणता? माझ्या पाहण्यात तरी एकच आहे. मे १९७० मध्ये भिवंडी, जळगाव आणि महाड इथे ज्या दंगली झाल्या, त्यांची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मादन आयोगाचा अहवाल. अनेक खंडांचा हा अहवाल आजही अभ्यासक उघडतात, वकील उद्धृत करतात. तो जपला गेला ही चांगलीच गोष्ट झाली. सत्तेला न आवडणारे बरेच काही एका न्यायमूर्तीने त्यात नोंदवून ठेवले आहे.

पण तो अहवाल मोजक्या दिवसांचा आहे. त्या दिवसांच्या आधी आणि नंतर वर्षानुवर्षे हाच समाज गिरणीत जात होता, माग चालवत होता, हमाली करत होता, युनियनची वर्गणी भरत होता, मोर्चात चालत होता आणि निवडणुकीत भिंती रंगवत होता. त्या आयुष्याचेही कागद होते. ते कुठे आहेत? दंगलीचा कागद सरकारने जपला. एकत्र राहण्याचा, एकत्र लढण्याचा कागद कोणी जपायचा हे ठरलेच नव्हते. म्हणून तो रद्दीत गेला.

माझे म्हणणे थोडक्यात असे: खान्देशातल्या डाव्या, समाजवादी, सत्यशोधक आणि कामगार चळवळींचे छापील साहित्य वाचवणे हे मराठी मुसलमानांचेही काम आहे, आणि त्याला आता फार वेळ उरलेला नाही.

आधी या प्रदेशात छापले काय गेले ते पाहू. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. त्याच सुमारास तिथेच किसान सभेचेही अधिवेशन झाले आणि एन. जी. रंगा त्याचे अध्यक्ष होते. दोन वर्षांनी, १९३८ मध्ये, साने गुरुजींनी अमळनेरहून 'काँग्रेस' नावाचे साप्ताहिक सुरू केले. शेतकऱ्यांचे आणि गिरणी कामगारांचे प्रश्न मांडणारे हे साप्ताहिक एका तालुक्याच्या गावातून निघत होते. हेच साने गुरुजी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात होते. विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि गुरुजी ते उतरवून घेत. त्या वह्यांतूनच 'गीता प्रवचने' हे पुस्तक उभे राहिले. एका माणसाने लिहून घेतले आणि जपले, म्हणून ते शब्द धुळ्याच्या तुरुंगाच्या भिंतीबाहेर आले. याच साने गुरुजींनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जीवनावर 'इस्लामी संस्कृती' हे पुस्तक लिहिले, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

पुढे अमळनेर, जळगाव, धुळे, चाळीसगाव इथल्या कापड गिरण्यांत युनियन उभ्या राहिल्या. १९७२ साली शहाद्यात श्रमिक संघटना स्थापन झाली. अंबरसिंग सुरतवंतींसारखा भिल्ल तरुण पुढारी आणि शहरातून आलेले कार्यकर्ते यांनी मिळून आदिवासींच्या गमावलेल्या जमिनीचा आणि मजुरीचा प्रश्न हाती घेतला. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होते. १९७८ साली कॉ. शरद पाटील यांनी धुळ्यातूनच सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला, मार्क्सवादाला फुले-आंबेडकरांची जोड दिली आणि 'सत्यशोधक मार्क्सवादी' हे नियतकालिक चालवले. शिवाजी महाराजांच्या राज्याचे खरे शत्रू महंमदी की ब्राह्मणी, असा सरळ प्रश्न मथळ्यातच विचारणारी पुस्तिकाही त्यांचीच. मुसलमानाला शत्रू ठरवणारा इतिहास रोज कानावर पडत असताना धुळ्यातला एक माणूस तो इतिहास तपासून पाहत होता आणि स्वस्त पुस्तिका छापून लोकांच्या हातात देत होता.

पुस्तके तरी कुठेतरी मिळतात. 'साधना'सारख्या साप्ताहिकाने आपले जुने अंक संगणकावर आणले आहेत. मला चिंता आहे ती पुस्तकांखालच्या थराची. संपाचे एकपानी पत्रक, सभेचे भित्तिपत्रक, वर्गणीचे पावतीपुस्तक, जिल्हा अधिवेशनाचा चक्रमुद्रित अहवाल, कलापथकाच्या गाण्यांची चार-आठ पानी चोपडी, उमेदवाराचे जाहीर निवेदन. बार्शीच्या मुसलमान घरात जन्मलेले शाहीर अमर शेख १९६९ साली गेले. त्यांच्या नावाचे कार्यक्रम आजही होतात. पण त्यांच्या सभेत विकल्या गेलेल्या चोपड्या किती घरांत सापडतील?

हे कागद कायद्याच्या जाळ्यातूनही निसटतात. १८६७ च्या कायद्याने छापील पुस्तकाची नोंद होई. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकाच्या प्रती राष्ट्रीय पातळीवरच्या ठरावीक ग्रंथालयांना देणे बंधनकारक केले. पण हमालांच्या मोर्चाचे एकपानी पत्रक कोणत्याही ग्रंथालयाला पाठवायला कोणी बांधील नाही. मी एका ग्रंथालयात अशा पत्रकांविषयी विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, "आम्ही पुस्तके ठेवतो, कागद नाही." त्या ग्रंथपालाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या रजिस्टरात या वस्तूसाठी रकानाच नाही.

खान्देशाला कागद जपणे माहीत नाही असे मात्र कोणी म्हणू नये. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या स्मरणार्थ राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. शंकर श्रीकृष्ण देवांनी समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी हस्तलिखिते गोळा केली. राजवाडे गावोगाव हिंडले, वाड्यांच्या दारात उभे राहिले, अडगळीतली दप्तरे मागून आणली आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे खंडामागून खंड काढले. त्यांच्या जातिविषयक मतांशी माझे जमणार नाही, पण अस्सल कागदाशिवाय इतिहास नाही हा त्यांचा आग्रह मला मान्य आहे. अडचण इतकीच की वाड्याच्या दप्तराला राजवाडे भेटले; गिरणीच्या चाळीतल्या, मोमीनपुऱ्यातल्या, आदिवासी पाड्यातल्या दप्तराला कोणी भेटले नाही.

भेटले ते पोलीस. डाव्या चळवळीचा बराच जुना कागद उरला तो जप्त झाला म्हणून. मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यासाठी देशभर धरपकड झाली. आरोपींत मुझफ्फर अहमद होते, शौकत उस्मानी होते. मुंबईच्या 'क्रांती' या मराठी कामगार साप्ताहिकातले मजकूर त्या खटल्यात पुरावा म्हणून वाचले गेले. ब्रिटिश सरकारने बंदी घातलेली मराठी, उर्दू, हिंदी पत्रके आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. ज्याने कागद हिसकावला त्याने तो क्रमांक घालून ठेवला; ज्याच्यासाठी तो छापला होता त्याने त्यात भजी बांधली. हसण्यासारखी गोष्ट आहे, पण इतिहासासाठी घातक आहे. कारण पोलिसांच्या दप्तरात फक्त तोच कागद जातो ज्यात त्यांना धोका दिसतो. रेशनच्या साखरेसाठी काढलेला मोर्चा, मोहल्ल्यातल्या नळासाठी दिलेले निवेदन, ईद आणि गणपती एकत्र आल्यावर शांतता समितीने काढलेले पत्रक यांना कोणी जप्त करत नाही. म्हणून ते उरत नाहीत.

आता आपल्या घरातली गोष्ट. खान्देशातला मुसलमान एकच भाषा बोलत नाही. यावल-रावेर-चोपड्याचा तडवी वेगळा बोलतो, पिंजारी-नदाफ अहिराणीत बोलतात, धुळ्याच्या यंत्रमागावरचा मोमीन उर्दूत. त्यामुळे आपला कागद मराठीत आहे आणि उर्दूतही आहे. उर्दू कागदाचे नशीब मराठी कागदाहून वेगळे आहे. मराठी पत्रक रद्दीत जाते. उर्दू पत्रक आदराने बुडवले जाते.

आपल्याकडे मशिदीच्या दाराशी 'मुकद्दस औराक'ची पेटी असते. ज्या कागदावर अल्लाहचे नाव आहे, आयत आहे, तो पायदळी येऊ नये म्हणून लोक पेटीत टाकतात. पेटी भरली की कागद पुरतात किंवा वाहत्या पाण्यात ठंडे करतात, गिरणेत, तापीत, पांझरेत. भावना पाक आहे, तिच्याविषयी मला काही म्हणायचे नाही. पण उर्दू पत्रकाच्या माथ्यावर बहुधा ७८६ किंवा बिस्मिल्लाह असतेच, मग ते यंत्रमाग कामगारांच्या मजुरीवाढीचे का असेना. संगणकावर उर्दू अक्षरजुळणी रुळण्याआधी ते कातिबाने हाताने लिहिलेले असे. त्या पेटीत कुरआनच्या फाटक्या पानांबरोबर आपल्या कामगारांचा, आपल्या निवडणुकांचा, आपल्या भांडणांचा इतिहासही नदीत जातो.

जगात हाच आदर दुसऱ्या वाटेनेही गेला आहे. कैरोजवळच्या फुस्तातमधल्या ज्यू मंदिरात देवाचे नाव असलेला कागद नष्ट न करता एका कोठडीत टाकत. त्यात धर्मग्रंथांची पाने होती, तशीच व्यापाऱ्यांची पत्रे, करारनामे, हिशेबही होते. शतकानुशतके ती कोठडी भरत राहिली. १८९६-९७ च्या सुमारास सॉलोमन शेख्टर यांनी त्यातले बरेचसे केंब्रिजला नेले. मध्ययुगीन इजिप्तमधले ज्यू आणि मुसलमान एकमेकांशी कसा व्यापार करत, कशी भागीदारी करत, हे आज जे काही आपल्याला कळते त्यातले पुष्कळ त्या अडगळीतून कळते. १९७२ साली येमेनमध्ये सनाच्या जामा मशिदीच्या छताची दुरुस्ती करताना कुरआनची अतिप्राचीन पाने सापडली. तीही कोणीतरी अदबीने बाजूला ठेवलेली होती. म्हणजे अदब आणि जतन यांच्यात वैर नाही. माझी मशिदींच्या विश्वस्तांना विनंती इतकीच आहे की पेटी रिकामी करण्यापूर्वी एखाद्या जाणत्या माणसाला एक दिवस ती चाळू द्या. कुरआनची पाने ज्या रीतीने द्यायची त्या रीतीने द्या. मोर्चाचे पत्रक बाजूला काढा.

यावर आक्षेप येतात. पहिला आक्षेप आपल्याच लोकांचा. डावे तर दीन न मानणारे, त्यांचे कागद आपण का सांभाळायचे? मला वाटते हा प्रश्न उलटा विचारायला हवा. लाल बावट्याखाली उभा राहिलेला मुसलमान मागवाला शुक्रवारी नमाजला जातच होता. त्याच्या मजुरीचा कागद हा त्याचा कागद आहे, केवळ पक्षाचा नव्हे. शिवाय आपल्या परंपरेत नोंदीला किती मान आहे पाहा. सूरह बकराची २८२ वी आयत, कुरआनमधली सर्वांत लांब, देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवायला आणि साक्षीदार घ्यायला सांगते. हदीसच्या विद्वानांनी कोणाकडून कोणी ऐकले याची साखळी तपासल्याशिवाय वचन स्वीकारले नाही. ज्या उम्मतने सनदीचे शास्त्र उभे केले, तिने आपल्या शंभर वर्षांच्या इतिहासाबाबत 'असे म्हणतात' यावर समाधान मानावे हे शोभत नाही.

दुसरा आक्षेप राजकीय. कोणाचे कागद ठेवायचे? हमीद दलवाईंच्या मुस्लिम सत्यशोधक मंडळाचे ठेवायचे की त्यांना विरोध करणाऱ्यांचे? मुस्लिम ओबीसी चळवळीचे ठेवायचे की 'मुसलमानांत जात नाही' म्हणणाऱ्यांचे? उत्तर सोपे आहे: सगळ्यांचे. याबाबतीत बेलफास्टचे उदाहरण मला फार शिकवणारे वाटते. उत्तर आयर्लंडमधले हे शहर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वैराने तीस वर्षे रक्तबंबाळ झाले. १९६८ साली तिथल्या लिनन हॉल लायब्ररीचे ग्रंथपाल जिमी व्हिटी यांच्या हातात एका मद्यालयात नागरी हक्क चळवळीचे एक पत्रक पडले. ते त्यांनी फेकले नाही, ठेवून दिले. पुढे ग्रंथालयाने ठरवून सर्व बाजूंची पत्रके, भित्तिपत्रके, बिल्ले, वृत्तपत्रे गोळा केली. आज त्या संग्रहात लाखो वस्तू आहेत आणि दोन्ही बाजूंचे लोक एकाच टेबलावर बसून तो वाचू शकतात. आयर्लंडमध्येच डाव्या आणि प्रजासत्ताकवादी गटांची जुनी पत्रके स्कॅन करून सर्वांसाठी खुली ठेवणारा 'आयरिश लेफ्ट आर्काइव्ह' स्वयंसेवकांनी चालवला आहे. लहान, फुटलेले, विसरलेले गटसुद्धा त्यात आहेत. आपल्या धुळ्या-जळगावला दंगलीचा अनुभव कमी नाही. पण आपल्याकडे व्हिटींसारखा खिसा कोणाचा नव्हता.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे, आणि तो भीतीचा आहे. घरात जुने लाल झेंड्याचे साहित्य, त्यात उर्दू, आणि घर मुसलमानाचे. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. त्यावरच्या चर्चेत 'कडवे डावे' हा शब्द इतका सैल वापरला गेला की ज्यांचे आयुष्य कायदेशीर युनियनमध्ये गेले त्यांनीही कपाटे रिकामी करावी असे वाटावे. ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. उपदेश करणाऱ्याच्या घरी झडती येत नाही. म्हणूनच हे कागद एकेकट्याच्या घरात नकोत. ते संस्थेत हवेत, नोंदवहीत नोंदलेले, उघड. लपवलेला कागद संशय निर्माण करतो. ग्रंथालयात क्रमांक घालून ठेवलेला कागद इतिहास होतो. मीरतच्या आरोपींचे कागद आज कोणीही मागून वाचू शकतो, हे लक्षात ठेवावे.

मग करायचे काय? मोठ्या इमारतीची, अनुदानाची, उद्घाटनाची वाट पाहिली तर पाहतच राहू. चार कामे आताच होण्यासारखी आहेत.

एक, गिरण्या बंद पडल्या, पण त्या युनियनमध्ये काम केलेली माणसे किंवा त्यांची मुले अजून आहेत. त्यांच्या घरी जाऊन ट्रंका उघडायच्या. वडील वारल्यावर घर रंगवायला काढतात तो आठवडा सर्वांत धोक्याचा असतो.

दोन, कागद मिळाला की मोबाइलवर नीट उजेडात दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यायचे, आणि त्याच वेळी वेगळ्या कागदावर लिहायचे: कोणाकडून मिळाला, कोणत्या गावी, अंदाजे कोणत्या साली, खाली कोणत्या छापखान्याचे नाव आहे. ही त्या पत्रकाची सनद. तिच्याशिवाय दहा हजार छायाचित्रे नुसता ढीग आहे. मूळ कागदाला चिकटपट्टी लावायची नाही, लॅमिनेशन तर मुळीच नाही. त्याने कागद कायमचा बाद होतो.

तीन, उर्दूसाठी वेगळी माणसे लागतील. देवनागरी मजकूर संगणक बऱ्यापैकी ओळखतो. कातिबाच्या हातच्या नस्तालिकपुढे तो अडखळतो. उर्दू शाळांतल्या निवृत्त शिक्षकांनी प्रत्येक पत्रकाचा मराठीत चार ओळींचा सारांश लिहिला तरी केवढे काम होईल. त्या चार ओळींमुळे शेजारच्या मराठी अभ्यासकाला पहिल्यांदाच कळेल की मोमीनपुऱ्यातल्या भिंतीवर काय लिहिले होते. हैदराबादेत सुंदरय्या विज्ञान केंद्र या डाव्या विचारांच्या ग्रंथालयाने अब्दुस समद खान यांनी आयुष्यभर गोळा केलेला उर्दूचा मोठा संग्रह सांभाळला. मार्क्सवाद्यांच्या कपाटात उर्दू टिकली, ही जोडी अशक्य नाही.

चार, हे सगळे ठेवायला जागा. जळगावला १९९० पासून विद्यापीठ आहे, आज ते बहिणाबाईंच्या नावाने ओळखले जाते. धुळ्यात राजवाडे मंडळासारखी जुनी संस्था आहे. आपल्या शिक्षणसंस्था आहेत, त्यांच्या इमारती आता दुमजली-तिमजली झाल्या आहेत. त्यांतली एक खोली पुरे. कोणत्याही एका संस्थेवर विसंबू नये. मूळ कागद एकीकडे, छायाचित्रांच्या प्रती तीन ठिकाणी.

आणि आजचे काय? फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला अखिल भारतीय साहित्य संमेलन भरले आणि त्याच गावात विद्रोही संमेलनही झाले. दोन्हीकडे पत्रके निघाली, भूमिका मांडल्या गेल्या. पण आता बरेचसे पत्रक व्हॉट्सअॅपवर निघते आणि मोबाइलची जागा भरली की पुसले जाते. १९३८ च्या साप्ताहिकाचा निदान एखादा अंक कोणाच्या माळ्यावर सापडेल. २०२४ च्या पत्रकाला माळाही नाही.

काही मित्र म्हणतात, मुसलमानांपुढे रोजगार, शिक्षण, सुरक्षितता असे जिवंत प्रश्न असताना हे कागदांचे वेड कशाला? त्यांना माझे उत्तर असे की हे प्रश्न आज पहिल्यांदा विचारले जात नाहीत. आपल्या आजोबांनी मजुरीसाठी, घरासाठी, शाळेसाठी शेजारच्या हिंदू, दलित, आदिवासी कामगारांबरोबर उभे राहून मागण्या लिहिल्या, छापल्या, वाटल्या. त्यांतल्या काही मिळाल्या, बऱ्याच मिळाल्या नाहीत. ते माहीत नसलेला तरुण प्रत्येक वेळी शून्यापासून सुरुवात करतो. आणि त्याला त्याच्या शहराचा इतिहास विचारला की तो फक्त दंगलींची साले सांगतो, कारण छापील स्वरूपात त्याच्यापर्यंत तेवढेच पोहोचले आहे.

या आठवड्यात घरातली एक जुनी ट्रंक उघडून पाहा. त्यात पत्रक निघाले तर तारीख आणि नाव लिहून ठेवा. रद्दीवाला पुढच्या रविवारी येणारच आहे.